आधी प्रत, मग दुरुस्ती : बिघडत्या हार्ड डिस्कमधील माहितीचा प्रश्न



२०२४ पर्यंत अहमदनगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी नेवासे हे गाव आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्ञानेश्वरांनी येथे गीतेवरील आपले भाष्य सांगितले आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतले, असे परंपरा सांगते. त्या मूळ लेखनाची पोथी आज उपलब्ध नाही. ग्रंथ मात्र घरोघरी आहे. कारण त्याच्या नकला होत राहिल्या. नकला होताना पाठ बिघडले, अपपाठ शिरले. सुमारे तीन शतकांनंतर, शके १५०६ मध्ये म्हणजे १५८४ साली, पैठणच्या एकनाथांनी प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि पुढे कोणी त्यात स्वतःच्या ओव्या घालू नयेत, असे बजावून ठेवले.

माहितीच्या जतनाचे तीन मूलभूत नियम या एका उदाहरणात सापडतात. माहिती टिकते ती प्रतींमुळे. बिघडलेला भाग सुधारायचा तो प्रतींच्या आधाराने. आणि मूळ साहित्यात नवी भर घालून ते अधिक बिघडवायचे नसते. पोथीची जागा आज संगणकाला जोडावयाच्या हार्ड डिस्कने घेतली आहे; परंतु हे तीनही नियम जसेच्या तसे लागू आहेत. त्यांचे विस्मरण झाले की एका दिवसात अनेक वर्षांची माहिती हातची जाते.

पेटीत काय असते?

महसूल विभागाचे डिजिटल स्वाक्षरीचे सातबारा उतारे किंवा शाळांची वार्षिक आकडेवारी ही माहिती शासनाच्या मध्यवर्ती संगणकांवर असते आणि तिच्या जतनाची व्यवस्थाही तेथेच असते. परंतु गावपातळीवरील पुष्कळशी माहिती अशी नसते. ग्रामसभांच्या इतिवृत्तांच्या छायाप्रती, नमुना ८ वरील कर आकारणीच्या जुन्या नोंदवह्यांची स्कॅन केलेली पाने, विकासकामांची आधीची व नंतरची छायाचित्रे, शाळेच्या जनरल रजिस्टरच्या जीर्ण पानांच्या प्रतिमा, विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांच्या ध्वनिचित्रफिती, हे सारे बहुधा टेबलाच्या खणातील तळहाताएवढ्या एका पेटीत साठवलेले असते.

या माहितीचे दोन प्रकार पडतात. काही माहिती कष्टाने का होईना, पण पुन्हा मिळवता येते. घरांची मोजणी पुन्हा करता येईल, कर आकारणीची यादी पुन्हा तयार करता येईल. दुसऱ्या प्रकारची माहिती मात्र एकदाच मिळते. नगर तालुक्यातील हिवरेबाजार हे गाव दरवर्षी पडलेला पाऊस मोजते आणि त्यावरून पाण्याचा ताळेबंद मांडून कोणती पिके घ्यावयाची याचा विचार करते. अवर्षणप्रवण जिल्ह्यात या पद्धतीचे मोल फार मोठे आहे. ज्या गावांनी हा मार्ग स्वीकारला आहे, त्यांच्या दृष्टीने गतवर्षीच्या पावसाची आणि विहिरींच्या पातळीची नोंद हा नियोजनाचा पाया असतो. तो पाऊस पुन्हा मोजता येत नाही. दिवंगत झालेल्या वृद्धाचा आवाज पुन्हा ध्वनिमुद्रित करता येत नाही. पेटी बिघडते तेव्हा खरा प्रश्न या दुसऱ्या प्रकारच्या माहितीचा असतो.

हार्ड डिस्कचे अंतरंग

बिघाड झाल्यावर काय करावे हे समजण्यासाठी पेटीत काय घडते याची थोडी कल्पना असावी लागते. पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ साली बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आजच्या पेटीत तिच्या लाखो पट माहिती मावते. तत्त्व मात्र तेच आहे. चुंबकीय लेप दिलेल्या गुळगुळीत तबकड्या मिनिटाला साधारणतः ५,४०० किंवा ७,२०० फेरे या वेगाने फिरतात आणि त्यांच्यावरून एक सूक्ष्म हेड माहिती वाचत व लिहीत जाते. हे हेड तबकडीला टेकत नाही. फिरणाऱ्या तबकडीमुळे निर्माण होणाऱ्या हवेच्या पातळ थरावर ते केवळ काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते. माणसाच्या केसाची जाडी पन्नास हजार ते एक लाख नॅनोमीटरच्या घरात असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या अंतराची कल्पना येईल. धुळीचा एखादा कणही या फटीच्या मानाने धोंड्यासारखा ठरतो.

चालू असताना पेटीला धक्का बसला, ती टेबलावरून पडली किंवा वीज अचानक गेली, तर हेड किंवा तबकडी यांना इजा होऊ शकते. काही वेळा इजा न होताही तबकडीचे काही भाग काळाच्या ओघात वाचण्यास अवघड होतात. या भागांना सेक्टर म्हणतात. डिस्क स्वतःच अशा सेक्टरांची नोंद ठेवते आणि त्यांच्याऐवजी राखीव जागा वापरते. राखीव जागा संपत आली की बिघाड बाहेर दिसू लागतो. याखेरीज तिसरा प्रकार आहे. यात यंत्र ठणठणीत असते, पण कोणता दस्तऐवज कोठे आहे याची अनुक्रमणिका बिघडलेली असते, किंवा कोणी चुकून फोल्डर पुसलेले असते. उपचार या तीन प्रकारांत वेगवेगळे असल्याने आधी निदान आवश्यक ठरते.

लक्षणे आणि अपथ्य

दस्तऐवज उघडण्यास नेहमीपेक्षा फार वेळ लागणे, नकल करताना मध्येच अडकणे, पेटी संगणकाला कधी दिसणे व कधी न दिसणे, छायाचित्रे अर्धीच उघडणे ही बिघाडाची पहिली चिन्हे होत. टकटक किंवा खरखर असा नियमित आवाज हे गंभीर लक्षण आहे. हेडला आपली जागा सापडत नाही, असा त्याचा बहुधा अर्थ असतो.

पहिली चिन्हे दिसताच पथ्यापेक्षाही अपथ्य कोणते हे ठाऊक असणे महत्त्वाचे. आवाज करणारी पेटी पुन्हापुन्हा चालू करून पाहणे हे पहिले अपथ्य. निखळलेले हेड प्रत्येक फेऱ्यात तबकडी खरवडत असेल, तर प्रत्येक प्रयत्नाबरोबर माहितीचा एक भाग कायमचा नष्ट होतो. दुसरे अपथ्य म्हणजे संगणकाने ‘डिस्क फॉरमॅट करावयाची काय?’ असे विचारताच होकार देणे. तिसरे म्हणजे संगणकातील डिस्क दुरुस्तीचा कार्यक्रम सरळ बिघडलेल्या पेटीवरच चालवणे. असा कार्यक्रम दुरुस्तीच्या ओघात त्या पेटीवर लेखन करतो आणि वाचवावयाची माहितीच बदलून टाकतो. चौथे अपथ्य, पुसलेली माहिती परत मिळवण्याचा कार्यक्रम त्याच पेटीत बसवणे किंवा सापडलेले दस्तऐवज तेथेच साठवणे. एकनाथांनी ग्रंथात भर घालण्यास मनाई केली, त्याचेच हे यांत्रिक रूप होय.

पेटी प्लास्टिकच्या पिशवीत घालून शीतकपाटात ठेवावी, टेबलावर हलकेच आपटावी किंवा झाकण उघडून आतील धूळ पुसावी, असे उपाय अनेक वर्षे तोंडोतोंडी चालत आले आहेत. ते टाळलेलेच बरे. थंड केलेल्या पेटीत बाहेर येताच बाष्प जमते, आणि उघडलेल्या पेटीत साध्या खोलीतील हवेतली धूळ शिरते. सर्किट बोर्ड बदलण्याचा उपायही पूर्वीइतका सोपा राहिलेला नाही. आजच्या बहुतेक डिस्कमध्ये त्या विशिष्ट यंत्राची मोजमापे बोर्डावरील चिपमध्ये असतात. त्यामुळे त्याच बनावटीच्या दुसऱ्या डिस्कचा बोर्ड लावून सहसा काम भागत नाही.

उपचाराचा क्रम

प्रथम बाहेरील कारणे तपासावीत. पेटीची केबल सैल किंवा जुनी असणे, संगणकाच्या त्या जोडणीतून पुरेशी वीज न मिळणे, मोठ्या पेटीचा अडॅप्टर निकामी होणे, ही कारणे वारंवार आढळतात आणि त्यांचा उपाय सोपा असतो. दुसरी केबल, दुसरी जोडणी आणि असल्यास दुसरा अडॅप्टर यांनी एकदा पाहावे. टकटक येत असेल तर मात्र हा प्रयोगही लांबवू नये. पेटी बंद करून बाजूला ठेवावी.

पेटी आवाज न करता चालत असेल, तर सर्वांत महत्त्वाचे दस्तऐवज लगेच दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावेत. येथे क्रम ठरवावा लागतो. पुन्हा न मिळणारी माहिती आधी, कष्टाने मिळणारी नंतर, आणि बाजारात किंवा संकेतस्थळावर कोठेही मिळणारी सर्वांत शेवटी. चित्रपट आणि संगणकाचे कार्यक्रम वाचवण्यात वेळ गेला आणि पावसाच्या नोंदी राहून गेल्या, असे होता कामा नये.

काही भाग वाचले जात नसतील, तर जाणकार व्यक्तीकडून संपूर्ण डिस्कची प्रतिमा घ्यावी. प्रतिमा म्हणजे दस्तऐवजांची निवड न करता पहिल्या सेक्टरापासून शेवटच्या सेक्टरापर्यंत केलेली तंतोतंत नकल. या कामासाठी ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ हा विनामूल्य कार्यक्रम जगभर वापरला जातो. तो जिथे अडचण येते तिथे हटून बसत नाही. सुलभ भाग आधी उचलतो, अवघड भाग सोडून पुढे जातो आणि शेवटी मागे येऊन राहिलेल्या भागांवर पुन्हा प्रयत्न करतो. कोणता भाग मिळाला व कोणता राहिला याची नोंद तो एका नकाशात ठेवतो. त्यामुळे मध्येच वीज गेली तरी काम पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागत नाही. ज्या डिस्कवर प्रतिमा घ्यावयाची, तिची क्षमता मूळ डिस्कइतकी किंवा अधिक असावी, आणि स्रोत कोणता व लक्ष्य कोणते हे दोनदा तपासावे. या दोहोंची अदलाबदल झाली तर रिकाम्या डिस्कची नकल भरलेल्या डिस्कवर होईल.

प्रतिमा हाती आली की मूळ पेटी बंद करून ठेवावी आणि पुढील सारे प्रयोग प्रतिमेवर करावेत. अनुक्रमणिका दुरुस्त करणारा ‘टेस्टडिस्क’ आणि दस्तऐवजांच्या ठरावीक आरंभखुणांवरून त्यांना हुडकून काढणारा ‘फोटोरेक’ हे दोन्ही विनामूल्य कार्यक्रम या टप्प्यावर उपयोगी पडतात. फोटोरेकने शोधलेल्या दस्तऐवजांना मूळची नावे व फोल्डर सहसा मिळत नाहीत. ती ओळखून पुन्हा लावण्याचे काम माणसालाच करावे लागते. म्हणून छायाचित्राला किंवा दस्तऐवजाला नाव देताना गाव, विषय व तारीख यांचा उल्लेख त्याच्या आतील मजकुरातही असावा.

टकटक करणारी, पडलेली किंवा भिजलेली पेटी उघडण्याचे काम केवळ प्रयोगशाळेचे आहे. तेथे धूळविरहित कक्षात पेटी उघडली जाते, त्याच बनावटीच्या दुसऱ्या डिस्कमधील हेड बसवले जाते आणि मगच प्रतिमा घेतली जाते. हे काम खर्चाचे असते आणि यशाची हमी नसते. काही बाह्य पेट्यांमध्ये माहिती पेटीच्या बोर्डावरच कूटबद्ध होते. म्हणून पेटीचे आवरण, बोर्ड व केबल फेकून न देता सारे एकत्र प्रयोगशाळेकडे द्यावे. आजच्या तबकडीविरहित सॉलिड स्टेट डिस्कचा प्रकार आणखी वेगळा आहे. तीत पुसलेली माहिती डिस्क स्वतःहून लगेच साफ करू शकते; त्यामुळे पुसल्यानंतर ती परत मिळण्याची शक्यता पुष्कळच कमी असते.

एक असाधारण यश

१ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे अंतराळयान पृथ्वीवर परतताना टेक्सास राज्याच्या आकाशात विदीर्ण झाले आणि कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीरांचा अंत झाला. यानात झेनॉन वायूच्या गुणधर्मांवर एक प्रयोग चालू होता. त्याची काही माहिती उड्डाणकाळातच पृथ्वीवर आली होती. उरलेली ४०० मेगाबाइट क्षमतेच्या एका हार्ड डिस्कमध्ये होती. कित्येक महिन्यांनी ती डिस्क एका कोरड्या तलावाच्या तळाशी जळालेल्या व विद्रूप स्थितीत सापडली. अमेरिकेतील माहिती पुनर्प्राप्तीच्या प्रयोगशाळेत तिच्या तबकड्या काढून स्वच्छ करण्यात आल्या, दुसऱ्या डिस्कच्या सांगाड्यात बसवण्यात आल्या आणि सुमारे ९९ टक्के माहिती वाचण्यात आली. त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली भौतिकशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

हे यश कशामुळे लाभले? नाश पावताना डिस्क फिरत नव्हती, त्यामुळे तबकड्यांवर ओरखडे पडले नाहीत. तिच्यावरील जुन्या पद्धतीच्या प्रणालीने माहिती विखरून न लिहिता सलग लिहिली होती. आणि सापडल्यापासून ती कोणी घाईने चालू करून पाहिली नाही. त्याच ढिगाऱ्यात सापडलेल्या इतर डिस्कमधून मात्र काहीही मिळू शकले नाही. म्हणजे जगातील उत्तम प्रयोगशाळाही यंत्राच्या शिल्लक अवस्थेवर अवलंबून असते. बंद करून ठेवलेली पेटी आशा टिकवते. धडपड करून चालवलेली पेटी ती संपवते.

इशाऱ्यावर किती विसंबावे?

डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते, तिला ‘स्मार्ट’ असे नाव असून विनामूल्य कार्यक्रमांद्वारे ती पाहता येते. बदललेल्या किंवा बदलाच्या प्रतीक्षेतील सेक्टरांची संख्या शून्याहून वाढू लागली की सावध व्हावे. गूगल कंपनीच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास करून २००७ साली त्याचे निष्कर्ष मांडले. तपासणीतील पहिली चूक दिसल्यानंतर ६० दिवसांच्या आत डिस्क निकामी होण्याचा संभव, अशी चूक नसलेल्या डिस्कच्या तुलनेत ३९ पट अधिक असल्याचे त्यांना आढळले. त्याच अभ्यासाची दुसरी बाजू अधिक बोधप्रद आहे. निकामी झालेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कमध्ये प्रमुख चार लक्षणांपैकी एकही आधी दिसले नव्हते. इशारा मिळाला तर ताबडतोब प्रत काढावी. परंतु इशाऱ्याची वाट पाहत बसू नये, हाच त्याचा अर्थ.

कार्यालयाचे कर्तव्य

२१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला लागलेल्या आगीत पाच जणांचे प्राण गेले आणि वरच्या मजल्यांवरील असंख्य नस्त्या भस्मसात झाल्या. ज्या कागदांच्या प्रती अन्य कार्यालयांत होत्या, त्यांचा आधार उरला. कागद असो वा डिस्क, एकाच जागी असलेली प्रत ही प्रत नव्हेच, हे त्या दुर्घटनेने दाखवून दिले.

कायद्याचीही अपेक्षा हीच आहे. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूचिबद्ध व सुस्थितीत ठेवावयाचे आहेत. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७ नुसार इलेक्ट्रॉनिक स्वरूपात जतन केलेला अभिलेख पुढे संदर्भासाठी पाहता येईल असा राहिला पाहिजे. ‘डिस्क बिघडली’ हे उत्तर अर्जदार नागरिकाच्या उपयोगाचे नसते.

आणखी एक जबाबदारी आहे. ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या पेटीत लाभार्थ्यांचे आधार क्रमांक, बँक खात्यांचा तपशील, मुलांचे जन्मदाखले असतात. ती पेटी दुरुस्तीसाठी कोणाच्याही हाती सोपवणे म्हणजे गावाचे खाजगी व्यवहार परक्याच्या स्वाधीन करणे होय. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ याच काळजीपोटी झाला. पेटी बाहेर देताना वरिष्ठांची लेखी संमती, पेटीच्या अनुक्रमांकाची नोंद, गोपनीयतेचा लेखी करार आणि काम झाल्यावर प्रयोगशाळेकडील प्रत नष्ट केल्याचे पत्र, एवढे तरी घ्यावे.

तीन प्रती, दोन साधने, एक दुसरी जागा

पुनर्प्राप्तीचा खर्च आणि मनस्ताप टाळण्याचा मार्ग साधा आहे. प्रत्येक महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती असाव्यात; त्या किमान दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात; आणि एक प्रत दुसऱ्या इमारतीत असावी. ग्रामपंचायतीच्या संगणकावर एक प्रत, कपाटातील बाह्य डिस्कवर दुसरी आणि पंचायत समितीच्या कार्यालयात किंवा शासनमान्य मेघसाठ्यात तिसरी, अशी व्यवस्था कोणत्याही गावाला करता येईल. बाह्य डिस्क प्रत काढण्यापुरतीच जोडावी, मग काढून ठेवावी. सतत जोडलेल्या डिस्कला विजेचा झटका आणि संगणकातील विषाणू दोन्ही एकाच वेळी गाठतात.

प्रत काढली म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. तीन महिन्यांतून एकदा त्या प्रतीतील चार-दोन दस्तऐवज दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावेत. न उघडणारी प्रत ही केवळ समजूत असते. डिस्कवर खरेदीची तारीख लिहावी, दप्तर तपासणीच्या वेळी शेवटची प्रत कधी काढली हे विचारले जावे आणि पदाधिकारी किंवा कर्मचारी बदलताना इतर दप्तराबरोबर डिस्क, परवलीचे शब्द आणि प्रतींची यादी यांचाही रीतसर कार्यभार दिला-घेतला जावा. पावसाच्या नोंदीसारखी थोडकी पण अमोल माहिती वर्षातून एकदा कागदावर छापून ठेवावी. चांगल्या कागदाला वाचण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातील माणसाला साठवणीचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. पाऊस पडतो तेव्हाच बांध बांधलेला असावा लागतो. पाणी वाहून गेल्यावर त्याची गरज पटून उपयोग नसतो. माहितीचेही तसेच आहे. चालू स्थितीतील डिस्कची प्रत काढण्यास एक दुपार पुरते. तीच डिस्क बंद पडल्यावर महिने लागतात, पैसे लागतात, आणि तरीही काही पाने कोरीच राहतात. या महिन्याच्या मासिक सभेत प्रत्येक ग्रामपंचायतीने आणि प्रत्येक शाळेने आपल्या डिस्कमधील माहितीची यादी करून तिच्या प्रती काढल्या, तर गावाच्या पुढील पिढीला आपला वारसा शोधत प्रयोगशाळांचे दार ठोठावावे लागणार नाही.